जेट्टीवर गरवताना रीळ खरखरतं, जड फिरतं, ड्रॅग झटके देतो: उघडण्याआधी काय तपासायचं

हे टिपण गरवण्याच्या, म्हणजे गळाने मासे धरण्याच्या, स्पिनिंग रिळांसाठी आहे. लाइन गुंडाळायची फिरकी म्हणजे स्पूल पुढे, हँडल बाजूला आणि रॉडच्या खाली लटकणारं रीळ. कोकणातल्या जेट्ट्यांवर, धक्क्यांवर आणि बंधाऱ्याच्या दगडांवर गरवणाऱ्यांकडे बहुतेक हेच असतं, ३००० ते ५००० या आकार-क्रमांकाचं. तक्रारही ठरलेली: "मागच्या वेळी नीट होतं, आता गिअर गेला." उघडून पाहिलं तर गिअर गेलेला क्वचितच सापडतो. दोष निघतो तो लाइन रोलरमध्ये (लाइन जिच्यावरून स्पूलकडे वळते ती छोटी चकरी), ड्रॅगच्या (मासा ओढतो तेव्हा लाइन ठरावीक ताणावर सोडणारा ब्रेक) वॉशरांत, नाहीतर स्पूलवर लाइन भरण्यातच. यातलं बहुतेक काम घरी होतं आणि त्यासाठी रिळाचं पोट उघडावं लागत नाही. उलट, गरज नसताना उघडलेली रिळंच जास्त बिघडतात. म्हणून खालच्या क्रमानेच जा.

लक्षणं

"आवाज येतो" एवढ्यावर काही कळत नाही. आवाज कधी येतो आणि हाताला काय जाणवतं, ते आधी ठरवा.

लाइनवर ताण असतानाच किरकिर किंवा बारीक शिट्टी, रिकामं फिरवलं की शांत: लाइन रोलर.

ताण असो-नसो, सगळीकडे सारखी खरखर: आतलं बेअरिंग किंवा गिअरवरचं सुकलेलं ग्रीस.

हँडलच्या प्रत्येक फेरीत त्याच जागी एकदा टक: मुख्य गिअरचा दात, किंवा हँडलच ढिलं. एका फेरीत चार-पाच वेळा टकटक: पिनियन (मुख्य गिअरने फिरणारा छोटा गिअर) किंवा रोटर (स्पूलभोवती फिरणारा भाग).

स्पूल वर-खाली होताना ठरावीक टप्प्यावर जडपणा: स्पूलखाली अडकलेली लाइन, शाफ्टवरचं मीठ, किंवा स्पूल मागे-पुढे नेणारी यंत्रणा.

ड्रॅग सुटताना आधी अडतो, मग एकदम पळतो: वॉशर चिकटलेत.

ड्रॅग घट्ट आवळला तरी लाइन सुटते: याला बहुतेक वेळा ड्रॅग जबाबदार नसतो. खाली पहिली तपासणी पाहा.

लाइन पिळते, स्पूलवरून वेटोळी उडतात: रोलर अडकलाय, किंवा वापरण्याची एक सवय चुकतेय.

हँडल उलट दिशेला अर्धवट फिरतं आणि मग धाडकन थांबतं: एकमार्गी क्लच, म्हणजे हँडल उलटं फिरू न देणारा भाग.

हे का होतं

समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते रिळावर उडणार, त्याला इलाज नाही. आपल्या किनाऱ्यावरची खरी अडचण पुढची आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. कोकणात वर्षाच्या बऱ्याच रात्री आर्द्रता त्याहून जास्त असते. म्हणजे तुम्ही पुसून कोरडं करून ठेवलेलं रीळ रात्री पुन्हा ओलं होतं, आतून, खाऱ्या पाण्याने. दुपारी सुकतं, रात्री परत भिजतं. रीळ बिघडतं ते बव्हंशी घरातल्या कपाटात.

त्यात एकाच डबीत वेगवेगळे धातू. ॲल्युमिनियमचं अंग, जस्ताच्या मिश्रधातूचा मुख्य गिअर, पितळेचं पिनियन, पोलादाचे स्क्रू आणि बेअरिंग. खाऱ्या ओलाव्यात दोन वेगळे धातू चिकटून राहिले की त्यातला एक झिजतो. पांढरी भुकटी दिसली तर ॲल्युमिनियम किंवा जस्त खाल्लं जातंय, हिरवट थर दिसला तर पितळ, तांबूस डाग म्हणजे पोलाद. हे रंग लक्षात ठेवा. दुरुस्ती घरात करायची की बाहेर न्यायची, हा निर्णय पुढे यांच्यावरच घ्यायचाय.

आवाज कुठून येतो, ते आधी वेगळं करा

यासाठी हत्यार लागत नाही. गिरगाव चौपाटीइतका गोंगाट नको, शांत खोलीत बसा.

लाइन सैल असताना हँडल हळू फिरवा. आवाज गेला? दोष रोलरमध्ये किंवा लाइनमध्ये. आवाज राहिला तर ड्रॅगचा नॉब सोडून स्पूल काढा आणि पुन्हा फिरवा. आता गेला, तर दोष स्पूल, शाफ्टचं वरचं टोक किंवा स्पूलखाली गुंतलेली लाइन यांत. तरीही राहिला तर हँडल काढा आणि रोटर बोटाने गोल फिरवा. एवढ्यावरही अगदी तशीच खरखर असेल तर ती पिनियनच्या बेअरिंगकडून येण्याची शक्यता जास्त. हँडल लावल्यावरच येत असेल तर हँडलची बैठक किंवा मुख्य गिअरची बाजूची बेअरिंगं पाहायची.

एवढं केल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हरला हात लावू नका.

पहिली तपासणी: स्पूल आणि लाइन

खर्च काहीच नाही.

ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली, लाइन थेट गुळगुळीत स्पूलवर गुंडाळलेली असेल तर ती सगळीच्या सगळी, एका गठ्ठ्यासारखी, स्पूलभोवती घसरते. ड्रॅग कितीही आवळा, लाइन सुटतच राहते, आणि माणूस वॉशर बदलून बसतो. तपासणी अशी: ड्रॅग पूर्ण आवळा, स्पूलच्या कडेवर पेनने खूण करा आणि लाइन ओढा. खूण जागेवर राहिली आणि लाइन सुटली तर लाइन घसरतेय. खूण फिरली तर ड्रॅग घसरतोय. उपाय म्हणजे लाइन काढून आधी तंगुसाचे (एकसंध नायलॉनची लाइन) आठ-दहा वेढे घट्ट घालायचे, त्याला गाठ मारून वर ब्रेडेड लाइन भरायची. काही स्पूलांवर त्यासाठी रबरी पट्टी असते. ती नसेल तर तंगूस हवाच.

लाइन स्पूलच्या ओठापासून दीड-दोन मिलिमीटर खाली थांबली पाहिजे. काठोकाठ भरली की वारा सुटल्यावर फेकताना वेटोळी निघतात. फार कमी भरली तर लाइन ओठावर घासते आणि फेक आखूड पडते.

स्पूल काढलेलं आहेच, तर खालच्या शाफ्टभोवती पाहा. लाइन सैल पडून स्पूलच्या खाली जाते आणि शाफ्टवर वेढे घेते. रीळ एकाएकी जड झालं असेल तर कारण बऱ्याचदा हेच. चिमट्याने सोडवा. ब्लेडने कापताना शाफ्टवर ओरखडा पडू देऊ नका, पुढे स्पूल त्यावरच सरकणार आहे.

लाइन पिळत असेल तर एक सवय आधी तपासा. मासा लाइन ओढून नेत असताना, ड्रॅग सुटत असताना, हँडल फिरवत राहायची. रिळाचं गुणोत्तर पाचास एक असेल तर अशा प्रत्येक फेरीला लाइनमध्ये पाच पीळ भरतात. मोठा शिंगाळा लागला आणि माणूस पाच मिनिटं हँडल फिरवतच राहिला, तर नव्या तंगुसाची दशा होते. ड्रॅग बोलतोय तोवर हँडल थांबवायचं, रॉड उचलायचा, खाली आणताना गुंडाळायचं.

दुसरी तपासणी: धुणं नीट होतंय का

बहुतेक जण धुतात, आणि तरीही रीळ जातं, कारण नळाची जोरदार धार सरळ रिळावर सोडतात. त्या जोराने बाहेरचं मीठ फटींतून आत जातं. बादलीत बुडवणं त्याहून वाईट.

धुण्याआधी ड्रॅगचा नॉब आवळा, म्हणजे वॉशरांत पाणी शिरणार नाही. झारीने किंवा मगमधून हलकं, गोडं, साधं पाणी वरून ओता. रोलर, बेल (लाइन रोलरवर आणणारी तारेची कमान), रोटरच्या खालची फट आणि रॉडला बसणारा पाय यांवर जास्त. पाणी ओतताना हँडल फिरवायचं नाही. आमिषाचा चिकटपणा असेल तर ओल्या फडक्यावर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घेऊन पुसा. लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका, ते जस्त आणि ॲल्युमिनियम खातं. मग झटकून, कोरड्या कापडाने पुसून सावलीत ठेवा. सुकल्यावर ड्रॅग सैल करायला विसरायचं नाही. वॉशर महिनोन्‌महिने दाबलेले राहिले की चपटे होऊन चिकटतात.

हे त्याच दिवशी करायचं. "उद्या रविवार आहे, निवांत धुऊ" म्हणेपर्यंत ती दमट रात्र मधे येते.

खरखर नुकतीच सुरू झाली असेल तर दोन वेळा असं धुऊन, सुकवून आणि खालच्या तिसऱ्या तपासणीतलं तेल देऊन पाहा. बरीच रिळं इथेच सुधारतात.

तेलाविषयी इथेच सांगायला हवं. खोबरेल तेल घालू नका. ते २४ ते २५ अंशांच्या खाली गोठायला लागतं, हिवाळ्यातल्या पहाटे बेअरिंगमध्ये मेणासारखं बसतं आणि कालांतराने चिकट होतं. गंज सोडवण्याचे फवारेही वंगण म्हणून वापरायचे नाहीत. ते आतलं चांगलं ग्रीस विरघळवून बाहेर काढतात, चार दिवस रीळ हलकं फिरतं आणि मग धातूवर धातू घासतो. रिळाचं खास तेल मिळालं तर उत्तम. नाहीतर शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं, फक्त ते लवकर धुऊन जातं म्हणून वरचेवर द्यावं लागतं.

तिसरी तपासणी: हँडल आणि लाइन रोलर

हँडल हलवून पाहा. रीळ घट्ट धरून हँडल आत-बाहेर ओढलं आणि टकटक झाली तर आधी तेवढंच आवळा. दोन्ही बाजूंना लावता येणाऱ्या स्क्रू-इन हँडलांत डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे वेगळे असतात. उलट फिरवून जोर लावला की आटे कायमचे मरतात. नॉबच्या बुडाशी तेलाचा एक थेंब. हँडलचं एवढंच.

आता रोलर. रिळातला सर्वांत छोटा, सर्वांत जास्त मीठ खाणारा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. गुंडाळताना सगळी ओली लाइन याच्यावरून जाते, म्हणजे समुद्राचं पाणी थेंबाथेंबाने याच्या बेअरिंगमध्ये पिळलं जातं. तो अडकला की लाइन त्याच्यावरून घसरत जाते. मग किरकिर, लाइनवर केस उभे राहिल्यासारखी झीज, आणि पीळ. रोलरवर खाच पडली की ब्रेडेड लाइन त्यातच कापली जाते. मोठा मासा तुटला की दोष गाठीला देतात, कारण इथे असतं.

तपासणी: लाइनचा तुकडा रोलरभोवती घेऊन, दोन्ही टोकं हातात धरून आडवा ओढा. रोलर लाइनबरोबर फिरला पाहिजे. नुसत्या बोटाने फिरतो म्हणून समाधान मानू नका, ताणाखाली फिरतो का ते महत्त्वाचं. मग कापसाचा बोळा त्याच्या पृष्ठभागावरून फिरवा. तंतू अडकले तर खाच आहे.

रोलर फिरत असेल पण आवाज करत असेल तर बाजूच्या फटीत तेलाचे एक-दोन थेंब सोडा, फिरवा, बाहेर आलेलं काळं पुसा, पुन्हा एक थेंब. फिरतच नसेल तर बेल-आर्मचा एकच स्क्रू काढावा लागतो. खाली पांढरं कापड पसरा. आत रोलर, बेअरिंग किंवा प्लॅस्टिकची बुश, आणि एक-दोन कागदासारख्या पातळ चकत्या असतात. प्रत्येक भाग काढला की फोनने फोटो घ्या आणि काढलेल्या क्रमाने ओळीत मांडा. चकतीची बाजू उलटली तरी रोलर पुन्हा अडतो.

बेअरिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलवून धुवा, ते औषधाच्या किंवा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळतं. सुकल्यावर दात कोरायच्या काडीवर बसवून फिरवा. सरसर फिरलं तर तेल देऊन परत लावा. खडखडलं किंवा मधेच थांबलं तर बदला. वाचवण्याचा अट्टहास करू नका, हा स्वस्त भाग आहे. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा. ४×७×२.५ मिलिमीटर हे माप रोलरमध्ये बरंच आढळतं, पण तुमचं स्वतः मोजा. दुकानात स्टेनलेसचंच मागा. साधं क्रोम पोलादाचं बेअरिंग खाऱ्या पाण्यात काही आठवड्यांत तांबूस होतं.

एक महत्त्वाचा अपवाद. काही रिळांत, उदाहरणार्थ डायवाच्या मॅगसील्ड रिळांत, चुंबकाने जागेवर धरलेलं खास तेल पाणी अडवतं. त्या जागी आपलं तेल घातलं की ते चुंबकीय तेल पातळ होऊन निघून जातं आणि पाण्याला वाट मिळते. रिळावर तसा उल्लेख असेल तर ते भाग घरी उघडायचे नाहीत आणि त्यांत तेलही टाकायचं नाही.

चौथी तपासणी: ड्रॅग

जेट्टीच्या खांबांत आणि दगडांत गरवणाऱ्यासाठी याच्याइतकं महत्त्वाचं काहीच नाही. तांबोशी किंवा हेकरू आमिष घेतल्या क्षणी कपारीत घुसतो. पहिल्या दोन सेकंदांत ड्रॅग अडकून बसला तर लाइन तुटते, आणि उशिरा पकडला तर मासा कालवांनी भरलेल्या खांबामागे जाऊन लाइन कापतो.

लटकता डिजिटल काटा घ्या, बाजारात सामान तोलायला वापरतात तोच. लाइनचं टोक त्याला बांधा, रॉडचं टोक काट्याच्या दिशेने सरळ धरा आणि सावकाश ओढा. दोन आकडे पाहायचे: ड्रॅग सुटायला लागताना किती आणि सुटत असताना किती. दोन्ही जवळजवळ सारखे असावेत. सुटायला लागताना ३ किलो आणि सुटत असताना दीड, असं असेल तर वॉशर चिकटतात. ड्रॅग किती ठेवायचा? लाइन, लीडर (गळाजवळचा लाइनचा वेगळा तुकडा) आणि गाठ यांत जे सर्वांत कमजोर असेल त्याच्या ताकदीच्या २५ ते ३० टक्के. २० पाउंडाची लाइन म्हणजे साधारण ९ किलो. त्यावर सव्वादोन ते पावणेतीन किलोच्या आसपास. वाकलेल्या रॉडमधून ओढताना कड्यांचं घर्षण वाढतं आणि प्रत्यक्ष ताण त्याहून जास्त पडतो, त्यामुळे सरळ ओढूनच मोजायचं. बोटाने ओढून "ठीक वाटतंय" म्हणण्यावर विसंबू नका.

वॉशर काढण्याआधी स्पूल काढून शाफ्ट आणि स्पूलच्या मधलं भोक ओल्या कापडाने पुसा. पुष्कळदा झटका देणारं मीठ तिथेच साचलेलं असतं. पुसून, सुकवून, शाफ्टवर तेलाचा पातळ हात फिरवून पुन्हा मोजा.

फरक पडला नाही तर वॉशर. पुढच्या ड्रॅगच्या रिळात स्पूलच्या वरच्या खोबणीत तारेची क्लिप बसवलेली असते. ती काढताना उडते. स्पूल पारदर्शक पिशवीत धरून काढा, म्हणजे पलंगाखाली शोधाशोध नको. मग एकेक वॉशर काढून फोटो. रचना अशी असते: घासणारे मऊ वॉशर, फेल्टचे किंवा कार्बनचे, आणि त्यांच्यामध्ये धातूचे. धातूच्यांत काहींना कान असतात, ते स्पूलमध्ये अडकून स्पूलबरोबर फिरतात. काहींच्या भोकाला सपाट बाजू असते, ते शाफ्टला धरून स्थिर राहतात. क्रम चुकला की दोन स्थिर वॉशर शेजारी येतात आणि ड्रॅग पकडतच नाही.

कार्बनचे वॉशर कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण सुकवा. धातूचे पुसा. तांबूस डाग असेल तर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, खड्डे पडले असतील तर बदला. फेल्ट कडक आणि चकचकीत झाला असेल तर त्याचं आयुष्य संपलं, नवाच घ्या. लावताना ड्रॅगसाठीचंच ग्रीस, बोटावर दिसेल न दिसेल इतकं, दोन्ही बाजूंना. गाडीच्या चाकात भरायचं ग्रीस घातलं तर ड्रॅग कधी घसरतो, कधी चिकटतो. ज्या रिळाच्या पुस्तिकेत वॉशर कोरडे ठेवायला सांगितलंय ते कोरडेच ठेवा.

पाचवी तपासणी: बेल आणि एकमार्गी क्लच

बेल झटकन बंद होत नसेल तर बिजागरीवरचं मीठ ब्रशने काढा, एक थेंब तेल द्या. तरीही मऊ पडत असेल तर आतली स्प्रिंग तुटली किंवा थकली, ती वेगळी मिळते. हँडल फिरवून बेल बंद करण्यापेक्षा हाताने बंद करायची सवय लावा. स्प्रिंग आणि तिचा खटका दोन्ही जास्त टिकतात आणि लाइनही सैल पडत नाही.

हँडल उलट दिशेला घसरत असेल तर रोटरखालच्या एकमार्गी क्लचमधले बारीक रोलर तेला-ग्रीसमध्ये तरंगताहेत. इथे लोक हमखास उलटं करतात: घसरतंय म्हणून आणखी ग्रीस भरतात. हा भाग जवळजवळ कोरडाच हवा. त्यापर्यंत पोहोचायला रोटर काढावा लागतो. काही रिळांत रोटरच्या नटचे आटे उलटे असतात, तेव्हा कंपनीच्या संकेतस्थळावरची रिळाची आकृती आधी पाहा आणि मगच पान्हा लावा. क्लच सुटा करून त्याचे रोलर बाहेर काढायच्या फंदात पडू नका. अख्खा तसाच अल्कोहोलमध्ये हलवून धुवा, सुकवा आणि पातळ तेलाचा काडीच्या टोकावर मावेल इतका अंश द्या. तेवढ्याने घसरणं थांबलं नाही तर क्लच बदलायचा.

सहावी तपासणी: पोट उघडणं

इथपर्यंत येऊनही खरखर राहिली आणि वॉरंटी संपलेली असेल तरच. नीट बसणारा फिलिप्स ड्रायव्हर हवा, ढिला चालणार नाही. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर रिळाची बाह्यरेषा काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू छोट्या जागी आवळला तर अंगालाच चीर जाते.

झाकण निघाल्यावर काहीही उचलण्याआधी पाहा. ग्रीस दुधाळ झालंय म्हणजे पाणी शिरलंय. काळं झालंय म्हणजे धातू झिजतोय. मुख्य गिअरखाली पातळ चकत्या असतील तर त्या कुठल्या बाजूला किती, हे लिहून ठेवा. गिअर किती घट्ट बसणार ते त्यांच्यावर ठरतं, आणि एक चकती हरवली की नवा गिअरसुद्धा खरखरतो.

जुनं ग्रीस टूथब्रशने आणि अल्कोहोलने काढा. पेट्रोल नको, आगीचा धोका आहे आणि प्लॅस्टिकही खराब होतं. बेअरिंगं काडीवर फिरवून तपासा. गिअरच्या दातांना रिळाचं किंवा सागरी वापराचं ग्रीस पातळ थराने लावा, दातांच्या मधला भाग झाकला जाईल इतकंच. डबी भरून टाकली की रीळ जड होतं आणि जास्तीचं ग्रीस सरकत सरकत एकमार्गी क्लचमध्ये जातं, म्हणजे एक दोष काढताना दुसरा लावून घेतला. बेअरिंगला तेल, दातांना ग्रीस. मुख्य शाफ्ट आणि स्पूल मागे-पुढे नेणाऱ्या खाचेला ग्रीसचा हलका हात. बंद करताना स्क्रू आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा.

जेट्टीवर काय केल्याने पुन्हा तेच होतं

काही बिघाड मिठाचे नसतात, जोराचे असतात, आणि ते धक्क्यावरच होतात.

शिसं दगडांत अडकलं की रॉड वाकवून, हँडलवर सगळं वजन टाकून ओढायचं. यात गिअरचे दात जातात आणि शाफ्ट वाकतो. त्याऐवजी रॉड सरळ अडकल्या दिशेला धरा, लाइन एका लाकडी दांडक्याला चार वेढे गुंडाळा आणि दांडका धरून मागे चाला. ब्रेडेड लाइन हाताला कधीही गुंडाळू नका, ती बोट कापते.

मासा रिळाने उचलणं हे दुसरं. मुंबई-रायगडकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. भरतीला हाताशी असलेलं पाणी ओहोटीला जेट्टीच्या पायाशी गेलेलं असतं, आणि दोन किलोचा शिंगाळा तेवढ्या उंचीवर हँडलने ओढून वर घेतला जातो. रीळ लाइन गुंडाळायला आहे. वजन उचलायला दोरीला बांधलेलं गोल जाळं खाली सोडा आणि दोरीने वर घ्या. शिंगाळ्याचे काटे विषारी असतात, तो लाइनवर लोंबकळत वर येण्यापेक्षा जाळ्यात आलेला हातालाही बरा.

रीळ काँक्रीटवर आडवं ठेवू नका, वाळू थेट रोटरखाली जाते. खारवलेली कोळंबी किंवा माकूल कापलेल्या हाताने हँडल धरू नका, पट्ट्याला एक ओलं फडकं लावलेलं असू द्या. फेब्रुवारी ते मे दुपारनंतर वायव्येचा वारा चढतो आणि तुषार सरळ अंगावर येतात. तेव्हा नुसता उभा करून ठेवलेला दुसरा रॉड आडोशाला न्या. पावसाळ्यात रीळ महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर ड्रॅग सैल करून सुती कापडात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं की ओलावा आतच कोंडतो.

कुठे थांबायचं

पुढचं काही दिसलं तर हत्यार खाली ठेवा आणि रीळ दुरुस्त करणाऱ्याकडे न्या.

स्क्रू मिठाने जखडलाय आणि ड्रायव्हर घसरायला लागलाय. आणखी एक प्रयत्न आणि डोकं गोल होईल, मग तो खोदूनच काढावा लागेल.

आत गिअरवर पांढरी भुकटी किंवा तुटलेला दात. घासून दात परत येत नाही, आणि गिअर बदलला तर पिनियनही बरोबरच बदलावं लागतं, कारण दोघं एकमेकांशी घासून बसलेले असतात.

स्पूल फिरताना डुलतंय. शाफ्ट वाकलाय. तो घरी सरळ होत नाही.

रिळाच्या पायाला चीर. हे रीळ ताणाखाली रॉडवरून तुटून हातात येऊ शकतं. चिकटवून वापरू नका.

चुंबकीय तेलाचं रीळ, किंवा वॉरंटीत असलेलं रीळ. उघडलं की वॉरंटी जाण्याची शक्यता असते.

रीळ समुद्रात पूर्ण बुडालं. इथे मात्र उशीर चालत नाही. मीठ आत गेलेलंच आहे, म्हणून या एकाच प्रसंगी बुडवून धुणं योग्य: स्पूल काढून रीळ गोड्या पाण्याच्या बादलीत हलवा, पाणी दोन-तीनदा बदला, निथळू द्या आणि एक-दोन दिवसांत दुरुस्तीला द्या. "फिरतंय की अजून" म्हणून ठेवलेलं बुडालेलं रीळ पुढच्या वेळेपर्यंत जाम होतं.

रीळ स्वस्तातलं असेल आणि गिअर, पिनियन, मजुरी मिळून नव्याच्या निम्म्यावर जात असेल तर दुरुस्ती करू नका. स्पूल, हँडल आणि चांगली बेअरिंगं काढून ठेवा, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या रिळाला कामी येतील.

दुरुस्तीला देताना रिळाच्या पायावरचं मॉडेल शेवटच्या अक्षरासकट लिहून द्या, कारण एकाच नावाच्या दोन पिढ्यांचे भाग बसतीलच असं नाही. आवाज ताणाखाली येतो की रिकामं फिरवतानाही, रीळ बुडालं होतं का, आणि त्यात कोणतं तेल-ग्रीस घातलं, हे सांगा. तुम्ही उघडलेलं असेल तर तेही लपवू नका, आणि सुटे राहिलेले भाग, नको वाटलेली ती पातळ चकतीसुद्धा, एका डबीत घालून बरोबर द्या.